बशीतला चहा

डोक्याला तारा लावलेल्या अवस्थेत माझे थोरले भाऊ, अण्णा, बशीत चहा ओतत होते. हात कापू लागल्यापासून त्यांनी लोकांकडे जाणं सोडलं, कारण आपल्याकडे चहाशिवाय पाहुण्याची सुटका नाही. मेंदूला बाहेरून सौम्य वीज देऊन कंप थांबतो का, याची इस्पितळात चाचणी होती. यंत्र सुरू झालं आणि थेंबही न सांडता बशी ओठांपर्यंत गेली. डॉक्टरमंडळींनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. स्वतःच्या सत्काराला विज्ञान कधी उशीर करत नाही.

"आता बंद करतो हं, काका."

"अहो, चहा तरी संपू द्या!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "हे घरी कधी मिळेल?"

"अजून बऱ्याच चाचण्या व्हायच्यात. पाच-सहा वर्षं धरा."

अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे.

गेलेल्या हाताची माणूस हळूहळू सवय करून घेतो. घटकाभर परत मिळालेला हात पुन्हा कसा विसरायचा, याची चाचणी मात्र कुणी घेत नाही.

घरी वहिनींनी विचारलं, "काय झालं हो?"

"चाचणी यशस्वी झाली," अण्णा म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.