लाल चिंधीचा डबा

आमच्या घरात टाकून द्यायची गोष्टच नव्हती. धोतर फाटलं की गोधडी, गोधडी झिजली की पायपुसणं, तेही विरलं की चुलीपुढं पोतेरं. गल्लीतल्या बायका आईला चिकट म्हणायच्या. म्हणोत बापड्या!

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आमच्या वडिलांना, दादांना, नव्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आम्ही रेणापूरहून आलो. जिल्हा नवा, कचेरी नवी, नळ मात्र कोरडे ठणठणीत. टँकर आला तर आला. म्हणून आईनं तेलाचे रिकामे डबे राखेनं घासून पाण्यासाठी ठेवले होते, सगळे एकसारखे. त्यातल्या एकात मामानं तुरीवर फवारायचं औषध कालवलं होतं. दुसरीनं फेकला असता. आईनं त्याच्या कडीला लाल चिंधी बांधली न् गोवऱ्या भरल्या. चिंधी दिसली की हात लावायचा न्हाई, हे आम्हा पोरांना पाठ होतं.

लोह्याहून पाहुणी आलेल्या आत्याला मात्र ते कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आई मला घेऊन दळणाला गेली न् टँकर आला. आत्यानं एकटीनं सगळे डबे भरले. आई परतली, भरलेले डबे बघून हरखलीच. मग तिची नजर आत्याच्या मांडीवरल्या गोधडीवर गेली. मधोमध लाल ठिगळ होतं.

"वन्सं, ही चिंधी कुठली?"

आत्यानं सरळ सांगितलं. डब्याला बांधलेली होती, कापड चांगलं होतं, कालच सोडून घेतली. आज गोवऱ्या ओतून तो डबाही घासून भरला. कोणता, ते आता तिलाही सांगता येईना. तेवढ्यात धाकटा भाऊ तोंड पुसत आला. उंबऱ्याजवळच्या डब्यातलं पाणी पिऊन आला होता.

नुकत्याच बाजारातून परतलेल्या दादांनी त्याला सायकलवर घातलं न् सरकारी दवाखाना गाठला, आई मागं पळत गेली. घरात मी न् आत्या. मला तिचा असा राग आला होता की तोंड बघवत नव्हतं. ती बिचारी गोधडीचं ठिगळ उसवत बसली होती. टाका सुटत नव्हता. पाणी प्यायची दोघींचीही छाती होईना.

दिवेलागणीला भाऊ भाकर मागतच घरात शिरला. डॉक्टरांनी दिवसभर डोळ्यांसमोर ठेवून सोडलं होतं. त्याला काही झालं नव्हतं. आत्या रडली, मीही रडले.

आईनं मागं खड्डा खणला न् एकेक डबा त्यात उपडा केला. शेवटी उंबऱ्याजवळचा उरला. आत्या हळूच म्हणाली, हे पाणी तर चांगलं निघालं, एवढं तरी राहू द्या, पुन्हा टँकर कधी येईल कुणास ठाऊक. खरंच होतं ते.

आईनं डबा उचलला.

"लेकराला पाजून पारखलेलं पाणी मला नको," ती म्हणाली, न् तेही ओतून दिलं.