सांता लुचिया आणि नीलाचा डावा डोळा

गेल्या डिसेंबरात माझ्या बायकोच्या, नीलाच्या, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले. अधूनमधून कडेला वीज चमकल्यासारखंही व्हायचं. मी म्हणालो, "दमली आहेस." पंचवीस वर्षांच्या संसारात जवळजवळ प्रत्येक आजाराचं मी हेच निदान केलं आहे. रविवारी भाच्याच्या लग्नासाठी पुण्याला निघायचं होतं, बॅगा भरून झाल्या होत्या. तीही म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल, परत आल्यावर दाखवू. पण ती डावीकडे ठेवलेल्या वस्तूंना धक्का द्यायची आणि हसायची, तेव्हा मी त्या वस्तू उजवीकडे सरकवून ठेवायचो. भीती बोलून दाखवली की खरी होते, ही माझी एक अंधश्रद्धा. बाकीच्यांची मी थट्टा करतो.

त्या शुक्रवारी दुपारी इथे आखातात, जुफैरमधल्या आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, जेवायचं आमंत्रण होतं. माझ्या ऑफिसातला इंजिनिअर साल्वो मूळचा सिसिलीचा. त्याची म्हातारी आई कार्मेला त्याच्याकडेच असते. त्यांच्याकडे सांता लुचियाचा सण होता. ही संत डोळ्यांची राखणदार. देवाच्या निमित्ताने माणसांनी मिरवून घ्यावं, याचा मला पहिल्यापासून कंटाळा. इथे मिरवणूक स्वयंपाकघरातून निघून बाल्कनीपर्यंत गेली. मूर्ती वीतभर, उचलायला चार धष्टपुष्ट पुरुष, आणि बँड मोबाइलमधला. मी चेहरा गंभीर ठेवला.

त्यात आम्ही पुरणपोळ्या घेऊन गेलो होतो. या दिवशी सिसिलीत पिठाचं काही खात नाहीत, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? एका दुष्काळात संतिणीच्या दिवशीच गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळण्याचीही वाट न बघता दाणे उकडून खाल्ले, अशी त्यांची कथा. एकादशीला कुणाकडे चिवडा घेऊन जावं, तसं आमचं झालं. कार्मेलाआजींनी हसत डबा मूर्तीपाशी ठेवला. "आज ती सांभाळेल, उद्या आपण खाऊ," असं त्या म्हणाल्याचं साल्वोने सांगितलं. मग गोड चीज कालवलेल्या उकडलेल्या गव्हांचे वाडगे आले. "अरे, ही आपली खीरच की," नीला कुजबुजली, "फक्त गूळ विसरलेत."

खाण्याआधी मात्र त्यांच्या घरची एक रीत होती. प्रत्येकाने एक डोळा हाताने झाकून मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या दिव्यांकडे बघायचं, आभार मानायचे; मग दुसरा झाकून पुन्हा तेच. दोन डोळ्यांचे दोन वेगळे अर्ज. सरकारी कचेरी वरपर्यंत पोचली आहे, असं माझ्या मनात आलं. नीलाने डावा डोळा झाकला, काहीतरी पुटपुटली. मग उजवा झाकला आणि तशीच उभी राहिली.

"अरे, डावीकडचा दिवा विझला का?"

"नाही."

"मला दिसत नाहीये. तिथे काळा पडदा आहे."

कार्मेलाआजींनी तिच्या हातातला वाडगा काढून घेतला आणि मुलाशी एकच वाक्य बोलल्या. "यल्ला, चला, गाडी काढतो," साल्वो म्हणाला. कार्मेलाआजींच्या आईचा एक डोळा असाच गेला होता, हे त्याने गाडीत सांगितलं. दुसरा चांगला असल्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर घरात ही रीत पडली.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला आहे, मधला भाग अजून शाबूत आहे. लग्न उरकून आला असतात, तर बहुधा तो राहिला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन. मी विचारलं, यशाची खात्री किती? ते म्हणाले, प्रयत्न करू. मोबाइलच्या अटीसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा मी, संमतीपत्रावर न वाचता सही केली. ऑपरेशन चालू असताना बाहेर कार्मेलाआजी जपमाळ घेऊन माझ्या शेजारी बसल्या. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. मला प्रार्थनाही येत नव्हती. नवस बोलावा, तर माझ्याकडे देवाला उपयोगी पडेल असं काही सापडेना. दोन तास मी नुसता बसून होतो, आणि आपल्या हातात काही नाही हे कळणं किती भयंकर असतं ते अनुभवत होतो. मग कधीतरी त्या कळण्याशी भांडायचं मी थांबवलं. भीती गेली नाही, फक्त तिला एकट्याने धरून ठेवायची गरज वाटेना.

सुटलेला पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात वायू भरल्यामुळे विमानप्रवास बंद, आणि दहा दिवस नीलाने मान खाली घालूनच राहायचं. तिच्याशी बोलायचं तर मला फरशीवर आडवं व्हावं लागे. तो डोळा वाचला की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं.

हा योगायोग आहे, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पूर्वी मीच म्हणालो असतो. मला एवढंच ठाऊक आहे की मी तिला डॉक्टरकडे नेलं नव्हतं, आणि तरी ती वेळेवर पोचली. वायू हळूहळू विरत गेला. एका सकाळी तिने त्या डोळ्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"केस बरेच पिकलेत की रे तुझे," ती म्हणाली.

मी हो म्हणालो, आणि नेमके कुणाला ते ठाऊक नसताना हात जोडले.