भावाच्या पासवर गेलेला हात

नाशिकला कायदा शिकताना न्यायावर मी तासन्‌तास वाद घालत असे. आपण मालक म्हणून जन्मणार की हमाल, हे ठाऊकच नाही असं धरून नियम करा, म्हणजे ते न्याय्य होतील, हा विचार मला इतका पटला होता की मित्र कंटाळून उठून जात. पुढे वकिली काही चालली नाही आणि नव्वद साल उलटल्यावर मी सिल्वासाजवळ, सामरवरणीच्या एका प्लास्टिक कारखान्यात टाइमकीपर झालो. हजेरी मांडण्यापुरता कायदा मला येत होता.

आमच्याकडे खानदेशातले भाऊ-भाऊ एकाच गेटपासवर येत. थोरला पेरणीला गावी गेला की धाकटा त्याच्या नावावर मशीनपाशी उभा राहायचा, म्हणजे जागा जात नसे. हे वॉचमनला माहीत होतं, सुपरवायझरला माहीत होतं. मी तर धाकट्याला समोर बघून थोरल्याच्या नावापुढे हजेरी लावत होतो.

अशाच एका धाकट्याचा उजवा हात साच्यात सापडला. मनगटापासून काढावा लागला. त्याने भरपाईसाठी अर्ज केला, तेव्हा चौकशीला अधिकारी आले. "मस्टरवर आहे तेवढंच बोला," मॅनेजरने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं.

अधिकाऱ्यांनी मस्टर वाचलं. गावाहून बोलावलेल्या थोरल्याला हात दाखवायला सांगितले. दोन्ही शाबूत होते. मग ते माझ्याकडे वळले. "हा धाकटा इथे कामाला होता?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघत राहिले. मी खरं बोलावं असंच त्यांना वाटत असावं. एक 'हो' पुरला असता. पण बायकोला सातवा महिना होता आणि या नोकरीशिवाय मला कुणी दारात उभं केलं नसतं.

"मस्टरवर नाव नाही, साहेब," मी म्हणालो. कायद्याने त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. अर्ज तिथेच संपला. मला स्वतःची किळस आली.

बाहेर धाकटा माझ्या मागे आला. त्याने शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"चूक मन्हीच शे, साहेब," तो म्हणाला. "भाऊना नाववर मी याले नको व्हतं. तुम्हले तरास झाया. माफ करा."

"असू दे," मी म्हणालो, आणि त्याला माफ केलं.