पेकलियनने नेलेली पाटी

पेकलियन आमच्या चर्चची बायबलबाई, गावोगाव फिरून बायबल वाचून दाखवणारी. तिच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर मी आजही अंगावर धावून जाते, आणि तरी हे सांगणार आहे. आमच्या चिनी रीतीप्रमाणे लहानपणी लहान राहावीत म्हणून आवळून बांधलेली पावलं तिने मोठेपणी सोडली, पण मोडलेली हाडं काय सरळ होतात? तसल्या पावलांनी ती आमोय बंदरामागची खेडी पालथी घालायची. काखेत बायबल, पिशवीत उकडलेली रताळी. गोऱ्यांचा धर्म सांगते म्हणून पोरं "परदेशी भूत आलं!" असं ओरडायची. ही उलट त्यांनाच दटावायची, "भुताला तहान लागलीय, पाणी आणा आधी!"

याप आजीला तिनेच वळवलं. आजी म्हणजे महातिखट म्हातारी. मुलगा वारला, सून दुसऱ्या घरी गेली. उरली ती आणि नवऱ्याच्या नावाची लाकडी पाटी. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा जीव अशा पाटीत राहतो असं मानतात. आजी तिच्यापुढे रोज भात ठेवायची आणि शेजारणींच्या चहाड्याही तिलाच सांगायची. बाप्तिस्मा हवा तर पाटी चर्चच्या हवाली करायची, असा नियम. त्यावर आजी कितीतरी दिवस अडून बसली.

"जाळणार असाल तर देते," शेवटी ती म्हणाली. जाळलेलं वर पोचतं, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक. "धुराबरोबर जाऊ दे ह्यांना. पण ते परक्याच्या हातात पडले ना, पेकलियन, तर तुझी खैर नाही."

"माझ्यावर सोडा, आजी. मी स्वतः बघेन."

आणि हिने बघितलं नाही! मिशनच्या हार्डविकबाईंच्या हातात पाटी दिली, "जाळायची आहे" म्हणाली. बाई म्हणाल्या, "ठेव, मी बघते." गोऱ्या बाईंच्या शब्दावर पुन्हा विचारायचं कसं, म्हणून ही गप्प घरी आली. आजीला मात्र "झालं सगळं नीट" म्हणून सांगितलं. आजीचा बाप्तिस्मा झाला.

पुढे बाई रजेवर मायदेशी निघाल्या. सामान बांधायला पेकलियन गेली, तर लोकरी झग्यांच्या घड्यांत पाट्या. वरचीच यापांची.

"या कशाला, बाई?"

"आमच्या तिकडच्या सभांमध्ये दाखवायला! लोक बघतच राहतील."

बाई खुशीत होत्या. मनाने वाईट नव्हत्या त्या, हेच तर मेलं कठीण. पेटी फार भरली होती, झाकण बसेना. पेकलियननेच ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि बाईंनी कुलूप घातलं.

बोट सुटल्यावर ती माझ्या दारात येऊन मटकन बसली. "मी झाकण धरलं गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. लाजेने तिचा चेहरा काळवंडला होता. मी तरी काय, अशी भडकले! "माझ्यापुढे रडून काय उपयोग? ऊठ, जिची पाटी तिला सांग." हाताला धरून तिला आजीकडे नेलं.

आजी अंगणात कालवं फोडत होती. पेकलियनने गुडघे टेकून, खाली बघत, सगळं सांगितलं. आता आजी तिला फाडून खाणार म्हणून मी पुढे सरकले. पण आजीने आवाजसुद्धा चढवला नाही.

"कशातून नेली?"

"आगबोटीतून."

आजीच्या हातातली सुरी थांबली. "ह्यांची होडी बुडाली तेव्हा देह सापडला नाही. त्यांचा सदरा काठीला बांधून मी किनाऱ्यावर उभी राहिले. चला घरी, या पाण्यातून बाहेर, म्हणून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. तेव्हा कुठे ते त्या पाटीत आले." तिने पेकलियनकडे पाहिलं. "आणि तू त्यांना परत समुद्रात धाडलंस."

माफी मागायला म्हणून मी पेकलियनला आणलं होतं. ती मागायची तिची हिंमत झाली नाही, आणि माग म्हणायची माझीही झाली नाही.