गोदामातली मैफल आणि काकूंचा एकच प्रश्न

चार रिकामटेकडे रोज एका जागी बसले की भांडणं साचतात, आणि फक्त रविवारी बसले की किस्से. आमचे किस्से हिंगोलीतल्या एका हळदीच्या गोदामात साचले. त्यामुळे सगळेच थोडे पिवळे आहेत. म्हणजे हळदीने, गैरसमज नको!

मंडळ चौघांचं. गोदाम बाबाराव शेठचं, त्यांची अडत आहे. स्पीकर मुनाफभाईचा, तो पंप आणि मोटारी रिपेअर करतो. मी फोटोग्राफर, लग्नसराई सोडली तर रिकामाच. आणि या सगळ्याला जबाबदार वानखेडे सर, शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले.

सरांची पक्की समजूत होती की पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लिहिणारे सगळे केसांचा टोप घालायचे आणि केव्हाच मेले. एक दिवस त्यांच्या मुलीने पुण्याहून मोबाईलवर एक रचना पाठवली. खाली संगीतकाराचा फोटो. अंगात टी-शर्ट, हातात भाजीची पिशवी. सर धावतच माझ्या स्टुडिओत आले.

"अरे, हा जिवंत हाय! आत्ता ह्या टायमाला जेवून राहिला असंल!"

मी म्हणालो, "मग जेवू द्या की सर."

त्यावर सरांनी थैलीतून एक वही काढली. तीस वर्षं हा माणूस स्वतः रचना लिहीत होता आणि कोणाला दाखवत नव्हता, कारण हे मेलेल्यांचं काम आहे असं त्याला वाटायचं! आता सरांना एकच पाहिजे होतं. वहीतली सिद्धेश्वर धरणावरची रचना काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावी.

हे काम धरण बांधण्यापेक्षा अवघड होतं. कुठलंही संगीत लागलं की काकू पाच मिनिटांत उठून विचारायच्या, "संपलं का?"

* * *

काकूंच्या आधी आमचे कान तयार व्हावेत म्हणून सरांनी दर रविवारी गोदामात जिवंत संगीतकारांच्या रचना ऐकवायचं ठरवलं. पहिला रविवार. सरांनी अशीच एक रचना लावली. एकच सूर निघाला आणि तो काही हलेना. दोन मिनिटं झाली, चार झाली. सर डोळे मिटून बसलेले. मुनाफभाईला राहवेना.

"सर, आवाज अटक गया."

"अटकला न्हाई. तसंच लिवलंय त्यानं."

"असं कोन लिवतं? आपल्या स्पीकरची बदनामी हाय ही!"

त्याने स्पीकर उघडला, आत स्क्रू ड्रायव्हर घातला, आणि बरोबर त्याच क्षणी सूर बदलला. मुनाफभाई उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "देखो, ठीक किया ना!"

त्या रचनेचं श्रेय तो आजही संगीतकाराला देत नाही.

* * *

दुसरा किस्सा हमालांचा. चार स्वरांचं एकच वळण पुन्हा पुन्हा येतं, अशी एक रचना लागली होती. बाहेर ट्रक भरणं चालू होतं. बघता बघता हमालांचे पाय तालात पडायला लागले. पोत्यावर पोतं! अर्ध्या तासात ट्रक फुल्ल.

बाबाराव शेठ खूश. "सर, हा मानूस आपल्याकडं काहून येत न्हाई? मुकादम करतो त्याला!"

पुढच्या रविवारी हमालांनीच फर्माईश केली. सरांनी उत्साहात त्याच माणसाची दुसरी रचना लावली. तिच्यात दर ओळीला एक मात्रा कमी होत होती. तिसऱ्या मिनिटाला दारात दोन हमाल एकमेकांवर आदळले आणि अख्खं पोतं फुटलं.

बाबाराव हळद गोळा करता करता म्हणाले, "कलाकार चांगला हाय, पर भरवशाचा न्हाई."

* * *

संगीतकार जिवंत असण्याचा एक फायदा म्हणजे त्याला जाब विचारता येतो. एका बाईंच्या रचनेत मध्येच तीन मिनिटं काहीच वाजत नाही. सरांनी मुलीकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि थेट ईमेल केला की बाई, ही शांतता काहून?

आठवड्याने उत्तर आलं. "त्या वेळी तुमच्याकडे काय ऐकू आलं?"

आम्ही पुन्हा ऐकलं आणि प्रामाणिकपणे यादी पाठवली. रिव्हर्स घेणारा ट्रक. पत्र्यावरची कबुतरं. बाबाराव शेठचं पोट. शेजारची शेळी.

उत्तर एका ओळीचं आलं. "शेळी ठेवा, बाकी तुमची मर्जी."

त्या दिवसापासून बाबाराव शेठ त्या बाईंवर नाराज आहेत.

* * *

आणि मग सरांचा दिवस आला. रचना आठ मिनिटांची. बरोबर मध्यावर धरणाचे दरवाजे बंद होतात, म्हणून एक मिनिट शांतता, आणि मग पाणी हळूहळू चढतं. वाजवायला कोण? तर आमच्या ओळखीचा लग्नातला बँड. त्यांना लिहिलेली सुरावट वाचता येईना, म्हणून सरांनी बिगरसीझनमध्ये महिनाभर तोंडी शिकवली. शांततेसाठी शेजारची शेळीसुद्धा दाराशी आणून बांधली.

पहिल्या रांगेत काकू. पाठीमागे हमाल, कोणी पोत्यावर, कोणी खाली. वाजायला लागलं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. ज्या क्लॅरिनेटच्या मागे फिरून मी हजार वरातींचे फोटो काढले, ते असं वाजू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

चार मिनिटं झाली. दरवाजे बंद. शांतता. शेळीही गप्प.

काकू उठल्या. "संपलं का?"

सर घाबरले. काकूंना थांब म्हणून सांगायला त्यांनी बँडसमोरच दोन्ही हात वर केले.

आता, आमच्याकडे लग्नात शेवटचं 'सावधान' झालं की क्षणभर सामसूम होते, भटजींचा हात वर जातो, आणि बँड फुटतो. या बँडवाल्यांनी आयुष्यभर तेच केलंय. हात वर दिसला आणि ढोल, ताशा, ट्रंपेट सगळं एकदम फुटलं! आणि आमच्याकडे अक्षता असतात जवारीच्या. हमालांच्या शेजारी जवारीचं पोतं उघडंच होतं. हात आपोआप गेले. समोरासमोर उभ्या असलेल्या सर आणि काकूंवर बदाबदा जवारी पडली. मीसुद्धा सवयीने फोटो काढला!

बँड थांबला तेव्हा सर तसेच हात वर करून उभे होते. डोळ्यांत पाणी. तीस वर्षं जपलेलं चार मिनिटांत गेलं. मला फार वाईट वाटलं.

काकूंनी सरांच्या डोक्यावरची जवारी झटकली. मग बँडमास्तरकडे वळल्या.

"ओ मास्तर, माझं लगीन चाळीस वर्साखाली झालंय. ह्यांचं ऱ्हायलेलं वाजवा."

आणि खाली बसल्या.

मास्तरने उरलेला भाग वाजवला. पाणी चढत गेलं, चढत गेलं आणि थांबलं. कोणी हललं नाही. सर काकूंकडे बघत होते.

"संपलं का?" काकूंनी विचारलं.

"व्हय," सर म्हणाले.

"इतक्यात?"