डाव्या हातातल्या बांगड्या

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. नागभीडच्या घराला कुलूप लावले, दोन वर्षांच्या नातवाला, रुद्रला, मोटारीच्या मागच्या सीटवर त्याच्या लहान खुर्चीत बांधले आणि सिरोंच्याच्या रस्त्याला लागलो. सोबत तिसरे कोणी नव्हते. कोणी असावे अशी माझी इच्छाही नव्हती.

हा प्रवास मी हट्टाने केला, हे आधीच सांगून टाकतो. रुद्रची आई, म्हणजे माझी मुलगी, सिरोंच्याला दवाखान्यात परिचारिका आहे. जावई फौजेत. तिला रात्रपाळ्या, घरात दुसरे कोणी नाही. म्हणून नातू दहा महिन्यांचा असल्यापासून आमच्याकडे वाढला. आमच्याकडे म्हणजे माझ्या पत्नीकडे. मी त्या घरात होतो, एवढेच. कार्तिकात पत्नी गेली. थोडे दिवस ताप आला आणि संपले. त्या दिवसापासून मुलाची झोप उडाली. दूध, गाणे, पाळणा, अंगणातल्या फेऱ्या, सगळे करून झाले. डोळा लागायचा आणि लगेच दचकून तो रडत उठायचा. काय हवे ते त्याला सांगता येत नव्हते आणि मला समजत नव्हते.

नागपूरचा माझा मुलगा त्याला घेऊन जायला निघाला होता. तिथे त्याला पाळणाघरात ठेवायचे ठरवले होते. फोनवर तो म्हणाला, "बाबा, तुमच्यानं नाई होत. लेकरू हाय ते, मालगाडी नाई."

मी उभे आयुष्य रेल्वेत काढले. मी म्हणालो, "मालगाडी तं बरी. झेंडी दाखवली का थांबते."

मुलीने मधला मार्ग काढला. "बाबा, त्याले एकदा माह्यापाशी आना. एकटे, सुखरूप आनलं, तं मी दादाले सांगीन का पोरगं बाबापाशीच राहीन." म्हणून निघालो. मूल माझ्या घरी राहणार की नाही, हे त्या रस्त्यावर ठरणार होते.

सिंदेवाही, मूल, सावली, गडचिरोली, एकेक गाव मागे पडले. तिथपर्यंत त्याने खिडकीबाहेरची गुरे पाहिली, बिस्किटे खाल्ली, उरलेली सीटवर चुरली. चामोर्शी आले. मार्कंड्याचा फाटा आला.

या फाट्यावर पत्नी कधी गाडी सरळ जाऊ देत नसे. महादेवाचे दर्शन, वैनगंगेचे पाणी डोळ्यांना, मग पुढचा प्रवास. शिवरात्रीच्या जत्रेत ती वर्षाच्या हिरव्या बांगड्या तिथेच भरायची. नागभीडच्या बाजारातल्या तिला चालत नसत. या देवाने एका मुलासाठी यमाला परत पाठवले, ही कथा ती नातवाला दर सोमवारी सांगायची. मी फाट्यावर वेग कमी केला नाही. ज्याने माझ्या दारातून यमाला परत पाठवले नाही, त्याच्या दारी माझे काम नव्हते. गाडीत मोठ्याने म्हणालो, "आता मागाले काई उरलं नाई." आणि सरळ गेलो.

आष्टीनंतर तो कुरकुरू लागला. आलापल्लीला थांबून त्याला वरण-भात भरवला. पुढे सागाचे जंगल सुरू झाले, रस्ता उखडला, आणि त्याने सगळे ओकून टाकले. कपडे बदलले. तो रडत राहिला. हे रडणे भुकेचे नव्हते, हट्टाचेही नव्हते. त्याला झोप हवी होती आणि झोपेची वाट सापडत नव्हती. रडता रडता त्याचा श्वास कोंडला. तोंड उघडे, आवाज नाही. ओठ निळे, मान मागे.

गाडी थांबवली, त्याला काढून खांद्यावर घेतले. श्वास परत आला. तो पुन्हा रडू लागला आणि पुन्हा तेच झाले. मोबाइलला रेंज नव्हती. पुढे जंगल, मागे जंगल. मी प्रार्थना केली नाही. वर पाहिले आणि म्हणालो, "तिले नेलं. याच्याकडं पाहू नोको." देवाशी असे बोलू नये, हे मला ठाऊक आहे. मी बोललो.

दुसऱ्यांदा त्याचा श्वास परत येत होता, तेव्हा मागून एक टेम्पो आला. त्यात पत्र्याच्या पेट्या, वर ताडपत्री. चालवणारा माझ्याहून थोडा लहान, दाढी पांढरी. शेजारी त्याची बायको, डोक्यावरून ओढणी घेतलेली. टेम्पो पुरता थांबण्याआधी ती उतरली.

"काऊन जी भाऊ, लेकराची माय कुठी हाय?"

"सिरोंच्याले."

"अन् तुमी एकटेच निंगाले? वा रे हिंमत!" एवढे म्हणून तिने मूल माझ्याकडून घेतले. मी दिले. मी कोणाला मूल देत नाही. त्या दिवशी दिले.

तिने काही खास केले नाही. त्याला आडवे घेतले आणि पाठीवर हात मारू लागली. तिच्या हातात मनगटापासून वर पुष्कळ काचेच्या बांगड्या होत्या. प्रत्येक थापेला त्या किणकिणत. रुद्रने रडणे थांबवले. मान वळवून त्याने तो हात पाहिला, दोन बांगड्या मुठीत धरल्या आणि डोळे मिटले.

मी रस्त्यावर उभा राहून ऐकत होतो. हा आवाज माझ्या घरात बेचाळीस वर्षे होता: पिठाच्या परातीत, विहिरीच्या दोरावर, पाळण्याच्या दांडीवर. कार्तिकात पत्नी सवाष्ण गेली, भरल्या हातांनी गेली, आणि तो आवाज तिच्यासोबत गेला. मी मुलाला थोपटत होतो ते रिकाम्या हाताने. मोठ्या माणसांना हे सुचले नाही.

ती दोघे चामोर्शीची, बांगड्या विकणारी. पुढच्या फाट्यावरून आतल्या गावी बाजाराला निघाली होती. माझ्यासोबत सिरोंच्याला येणे त्यांना शक्य नव्हते. मी म्हणालो, "बाई, माह्या हातात बांगड्या भरून द्या."

तिचा नवरा हसला. "ओ भाऊ, मर्दाच्या हातात? रस्त्यानं लोक हासतीन ना जी!"

"हासू द्या."

"तुमी गप बसा जी," ती नवऱ्याला म्हणाली. "हासनाऱ्यायनं लेकरू झोपवलं काय?" तिने मूल त्याच्याकडे दिले, एक हात मुलाच्या पाठीवर फिरतच ठेवला, मग पेटी उघडली.

हातात बांगड्या भरल्या आहेत काय, हे आमच्याकडे पुरुषाला डिवचायचे बोलणे. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि डावा हात पुढे केला. तिने सर्वांत मोठे माप काढले. रंग विचारला नाही; हिरव्याच काढल्या. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी तुटली. फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती म्हणाली, "वाढली. भाऊ, हात कडक धरून राह्यले तुमी. सैल सोडा. माह्यावर सोडा. ताठ हातात काच जात नाई."

हात सैल सोडणे मला जमत नव्हते. तिने माझी बोटे आपल्या मुठीत घेतली, जरा दाबली, आणि वाट पाहिली. गडबड केली नाही. केव्हातरी हात सुटला. मग एकेक बांगडी सरकत गेली, आणि एकही तुटली नाही.

शेवटची भरल्यावर ती म्हणाली, "बाया बांगड्या भरल्या का मले नमस्कार करतात. तुमी नोका करू, तुमी मोठे हा."

मी उठलो, चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला. पत्नी गेल्यापासून मी कुठेही वाकलो नव्हतो.

ती मागे सरली. "हे काय जी भाऊ!" मग हसून म्हणाली, "शिवरातीले या मार्कंड्याले. जत्रेत आमचं बांगड्यायचं पाल असते, माह्या सासूच्या वक्तापासून."

पत्नी बांगड्या कोणाच्या पालात भरायची, ते मला माहीत नाही. मी बाहेर उभा राहायचो. त्या बाईला मी काही विचारले नाही. उत्तर काहीही मिळाले असते तरी मला पुढे तोच रस्ता होता.

रुद्रला खुर्चीत बांधले. त्याने डोळे उघडले. मी हात हलवला, बांगड्या वाजल्या, डोळे मिटले. पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता आणि त्या दिवशी तेच बरे झाले. प्रत्येक खड्ड्याला, गिअरच्या प्रत्येक बदलाला हात वाजत होता. ज्या रस्त्याला सगळे शिव्या देतात, त्याने माझा नातू झोपवला.

एका नाक्यावर पोलीस जवानाने गाडी अडवली. आधी माझ्याकडे पाहिले, मग हाताकडे, मग मागे झोपलेल्या मुलाकडे.

"बाबाजी, हे काय?"

"बांगड्या."

"कोनाच्या?"

"माह्या."

"अन् लेकरू?"

"तेही माहंच. हळू बोल, उठन."

तो हसला नाही. आडवा दांडा त्याने हाताने धरून आवाज न करता वर केला.

ऊन असतानाच सिरोंचा गाठले. मुलगी दारात उभी होती. तिने झोपलेले मूल उचलले, मग माझा हात पाहिला. मनगट धरून तिने ते हलकेच हलवले. तिलाही तो आवाज ओळखीचा होता. मग भावाला फोन लावला. "दादा, बाबा पोचले. पोरगं बाबापाशीच राहीन. अन् आयक, बाबाच्या हातात बांगड्या हायेत. त्याच्यावर एक शब्द बोलायचा नाई."

मला देव दिसला, असे मी म्हणत नाही. माझे त्याच्याशी भांडण मिटले, असेही म्हणत नाही. त्याच्या दारावरून मी तोंड फिरवून गेलो, आणि त्याच्याच गावच्या जत्रेतला हात जंगलात माझ्या मागून आला; घडले ते इतकेच. शरण जाणे म्हणजे हरणे, असे मी आजवर समजत आलो. त्या बाईच्या मुठीत माझा हात होता, तेव्हा मी हरलो नव्हतो. हात फक्त सैल होता. त्या दोघांचे ऋण मी मानतो. ज्याने त्यांना धाडले असेल, त्याचेही मानतो. त्याच्याशी उरलेला हिशेब शिवरात्रीला समोरासमोर बोलू.

मुलगी नातवाला भरवत होती. त्याचे ओकलेले कपडे पिशवीत तसेच होते. ते मागच्या अंगणात नळाखाली घेतले. पत्नी सारायची तशा बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, साबण लावला, खळबळून पिळले आणि दोरीवर वाळत घातले.