डबा रिकामा आणजो नको

आर्वीच्या स्टँडवरून पुण्याची गाडी निघाली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. रडली नाही. तीन पुडांचा स्टीलचा डबा खिडकीतून आत सरकवला आणि म्हणाली, "जेवल्याबिगर झोपजो नको. आन डबा रिकामा आणजो नको." बाबा तिच्या मागे उभे राहून बसच्या टायरकडे बघत होते, जणू पंक्चर झालं तर तेच काढणार होते. मला हिंजवडीत नोकरी लागली होती आणि पुण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथे दुपारी कोणी दार उघडत नाही.

तुम्ही तिकडे गावीच राहिलात म्हणून सांगते. जे माझ्यासारखे बॅग उचलून निघाले त्यांना माहीतच आहे. नव्या गावात आधी जिभेचे हाल होतात. पीजीतल्या भाजीत साखर, वरणात साखर. पहिल्या आठवड्यात गोड वरणाचा घास घेतला आणि मला खरोखर रडू आलं. मग स्वतःलाच दटावलं की रडून तिखट होणार नाही, उठ आणि शोध. तेव्हापासून दर रविवारी एक नवीन खानावळ. हिंजवडी, माण, मारुंजी, जिथे कंपनीची बस जाते तिथे आणि जिथे ती वळतच नाही तिथेसुद्धा. बसल्याबरोबर मालकाला विचारायचं, "तुम्ही कुठले?" मेनूकार्ड नंतर.

लोक सांगतात हो. विचारणारं कोणी नसतं, एवढंच. तर्रीपोह्यांची गाडी लावणारे वानखडेभाऊ अमरावतीचे निघाले. चाकणच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा बायको म्हणाली होती की परत जायचं नाही, पोहे भिजवा. मला ती बाई न बघताच आवडली.

आणि सुमनमावशी. त्या कुठूनच आलेल्या नव्हत्या, गावच त्यांच्या पायाखालून निघून गेलं होतं. जिथे आज काचेची ऑफिसं आहेत तिथे त्यांचा भात व्हायचा. आता चार मजली बिल्डिंग, वर भाडेकरू पोरं, खाली खानावळ आणि मागच्या गोठ्यात हट्टाने ठेवलेल्या दोन म्हशी. "तुम्ही कुठल्या?" विचारलं तर म्हणाल्या, "म्या हितलीच. तू कुठनं उगवलीस?" पुढे मी त्यांच्या मागच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला. शेजार बघून घेतला म्हणा ना.

बाबा गेले आणि आई आर्वीत एकटी राहिली. गुडघे गेलेले, शुगर वाढलेली. एकदा बाथरूममध्ये पडली ती सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. त्यानंतर मी तिला विचारलंच नाही, सरळ घेऊन आले. पण ती आली म्हणजे फक्त अंगाने आली. बॅग कधी पूर्ण उघडली नाही. खिडकीत बसून खालच्या गाड्या बघायची आणि म्हणायची, "इथं कोणाचं ताट कोणाच्या घरी जात नाही. आपण पाहुणेच इथं."

या हिवाळ्यात एका सकाळी ती चप्पल घालून बॅगेपाशी उभी. "मी जातो. मारुतीचे रोडगे बाकी हायेत. ते करतो आन तिथंच राहतो."

ते खरंच बाकी होते. मला नोकरी लागावी म्हणून तिने नवस बोलला होता, आणि दर वर्षी काहीतरी आडवं आलं. कधी माझं काम, कधी बाबांचं दुखणं. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे, एकात एक पाऱ्या भरून वळलेले गोळे. उघड्यावर गोवऱ्या पेटवायच्या, त्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, ते भाजायचे, देवाला दाखवायचे आणि येईल त्याला वांग्याच्या भाजीसोबत जेवू घालायचे. गॅसवर होत नाहीत, चार जण नसतील तर होत नाहीत. पण ती तिथे राहिली असती तर पुन्हा पडली असती, आणि या वेळी दूधवाला कधी येईल याचा भरवसा नव्हता. मला भीती वाटत होती, पण आवाज चढला. म्हटलं, "रोडगे होतील आणि इथेच होतील."

मी आईला घेऊन मावशींकडे गेले. गावच्या मारुतीमागे त्यांची जमिनीची एक पट्टी उरलेली आहे, ती मागितली. आई कुरकुरली, आमचा मारुती तिकडचा. मावशी ताटं पुसता पुसता म्हणाल्या, "मारुती काय तालुक्यापरमाणं वाटून घेतलाय व्हय?" पुण्यात आल्यापासून आईला गप्प करणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

गोवऱ्या मी ऑनलाइन मागवल्या. हसा. खोकं उघडलं तर आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गोल, गुळगुळीत, होमासाठीच्या गोवऱ्या, वर सोनेरी स्टिकर. आईने एक उचलून बघितली. "ही काय बिस्किटं आणली का?" तरी पेटवल्या. भर्रकन जळाल्या आणि रोडगे आत कच्चेच. वानखडेभाऊ, त्यांची बायको, वरची भाडेकरू पोरं, सगळे रिकाम्या पत्रावळ्या घेऊन उभे. आईने हात झटकले. "झालं. त्याच्याच मनात नाही. मले गाडीत बसवून दे." मला वाटलं, संपलं.

मावशी उठल्या आणि गोठ्यातून डोक्यावर घमेलं घेऊन आल्या. भाकरीएवढ्या, बोटांचे ठसे उमटलेल्या गोवऱ्या. सुनेला दुसऱ्या घमेल्यासाठी पिटाळलं, मोठा जाळ केला आणि त्या जाळातच रोडगे टाकायला निघाल्या. आई ओरडली, "अहो बाई, जाळात नाही. जळू द्या पयले, आर पडू द्या." मग कोणीतरी तिला पाट दिला आणि तिथून पुढे ती थांबलीच नाही. पलटवा, राख झटका, वांगी हलवा, तू काहून उभा बाप्पा, पाणी आण. इंजिनियर पोरं तिच्या हुकमावर पळत होती. ऑफिसात मी असं कोणाला पळवू शकलेले नाही.

आधी मारुतीला नैवेद्य दाखवला, मग पंगत. मावशी म्हणाल्या, "दगडावानी दिसतंय की हे," आणि तूप घालून दुसरा घेतला. निघताना आईने त्यांच्या घरच्यांसाठी डबा भरून दिला. तोच, तीन पुडांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "नवस फिटला. आता तिकीट काढ." मी भांडायच्या तयारीत होते. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात बेल वाजली. मावशींची सून डबा ठेवून गेली. वर ठेचा, मधे पावट्याची उसळ, खाली इंद्रायणी भात. आई डब्याकडे बघत राहिली. "त्यायनं भरून धाडला, आता हा रिकामा कसा ठेवू?" असं पुटपुटली आणि संध्याकाळी पाटवडीला बसली.

तेव्हापासून डबा फिरतोय. जाताना आर्वीचं तिखट, येताना मुळशीचा भात. तुम्ही विचारता, पुणं आता घर वाटतं का. मी रविवारी अजूनही खानावळींच्या पाट्या वाचत फिरते, फक्त आता आई सोबत असते आणि "तुम्ही कुठले?" माझ्याआधी तीच विचारते. बॅग माळ्यावर गेली आहे, ती तिनेच ठेवायला लावली. परवा मुद्दाम छेडलं, आई, तिकिटाचं काय करायचं? ती दाराकडे बघत म्हणाली, "पाहू. डबा सुमनबाईकडं हाय ना, तो येऊ दे पयले."